कोणालाच नको होती ती प्रत

स्टीग लार्सनची सही असलेली ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ कोणी तुमच्यासमोर धरली, तर पाकीट खिशातच राहू द्या. लार्सन नोव्हेंबर २००४ मध्ये स्टॉकहोमला हृदयविकाराने गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. लिफ्ट बंद होती म्हणून जिने चढून कचेरीत पोचला आणि कोसळला. त्याची ही पहिली कादंबरी स्वीडिशमध्ये आली २००५ साली आणि इंग्रजीत २००८ साली. बिचाऱ्याने स्वतःची छापलेली कादंबरी हातातही धरली नाही, तर तिच्यावर सही कुठून करणार? तरी जुन्या पुस्तकांच्या एका प्रदर्शनाबाहेर एका गृहस्थांनी मला तशी प्रत दाखवली होती, आणि वर ‘तुम्ही नेहमी येता म्हणून’ वीस पौंड कमी करायलाही ते तयार होते.

मी मूळची गिरगावातली. लग्नानंतर लीड्सला आले, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. इथल्या मराठी मंडळींकडे जेवायला गेलं की कोणी पैठण्या दाखवतं, कोणी गणपतीची चांदीची भांडी. आमच्याकडे आलेल्यांना खुनांचं कपाट दाखवलं जातं. आधुनिक इंग्रजी गुन्हेकथांच्या पहिल्या आवृत्त्या, लेखकाच्या सहीसकट. पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला : ‘हीच गोष्ट पेपरबॅकमध्ये चार पैशांत मिळते ना?’ मिळते. शब्द न शब्द तोच असतो. प्रवासात मीही पेपरबॅकच वाचते. पण जमवणं ही वाचण्याहून निराळी खोड आहे, आणि या खोडीच्या मुळाशी एक उफराटं गणित आहे. आज ज्या प्रतीसाठी माणसं रांगा लावतात, ती दुर्मीळ झाली याचं कारण ती छापली तेव्हा कोणालाच नको होती.

इयन रँकिनचं घ्या. १९८७ साली लंडनच्या बॉडली हेड या प्रकाशनाने त्याची ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ काढली. एडिंबरा विद्यापीठात म्यूरिएल स्पार्कवर पीएच.डी. करायला बसलेला आणि प्रबंधाऐवजी कादंबऱ्या लिहीत सुटलेला हा सव्विशीतला मुलगा. पुस्तक आलं काय नि गेलं काय, कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये नवख्या लेखकाची हार्डबॅक गुन्हेकथा घेणारं हुकमी गिऱ्हाईक एकच, सार्वजनिक वाचनालय. वाचनालयात गेलेल्या पुस्तकाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आत शिक्का बसतो, तारखांची चिठ्ठी डकवली जाते, जॅकेटवर, म्हणजे सुट्या कागदी वेष्टणावर, प्लास्टिक चढवून ते पुठ्ठ्याला चिकटवलं जातं, मग पाचपन्नास हातांतून फिरून त्याचा कणा वाकडा होतो. शेवटी ‘विथड्रॉन’ असा आणखी एक शिक्का मारून दारातल्या टेबलावर काही पेन्सना ते विकलं जातं.

दहा वर्षांनी, १९९७ साली, या पुस्तकापासून सुरू झालेल्या मालिकेतल्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ला क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर मिळाला. मालिकेचा नायक इन्स्पेक्टर रिबस घरोघरी पोचला. लोक मागे वळून पहिलं पुस्तक शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं की चांगल्या स्थितीतल्या प्रती मूठभरच उरल्यात. कोणा मावशीने वाढदिवसाला दिलेली, एकदा वाचून फळीवर ठेवून दिलेली, अशी एखादी. आज सहीची स्वच्छ प्रत शेकड्यांत जाते आणि जॅकेट ताजं असेल तर हजाराच्या घरात. पौंड, रुपये नव्हेत. रँकिन सही करताना शेजारी फुली-गोळ्याचा छोटा डावही काढतो. पहिल्या पुस्तकाच्या नावातली ही गंमत त्याने अजून सोडलेली नाही.

कॉलिन डेक्स्टरची ‘लास्ट बस टू वुडस्टॉक’ (१९७५), म्हणजे इन्स्पेक्टर मोर्सचा जन्म, हिचीही तीच कथा. वेल्समध्ये कुटुंबासोबत सुटीवर गेलेला माणूस, बाहेर पावसाची संततधार, म्हणून वेळ घालवायला लिहायला बसला. सुटीतल्या पावसाने लिहवलेल्या पुस्तकाच्या प्रती प्रकाशक छापून छापून किती छापणार?

पण या गणिताचा सर्वांत लखलखीत पुरावा २०१३ सालचा आहे. एप्रिलमध्ये स्फिअर या प्रकाशनाने ‘द कुकूज कॉलिंग’ नावाची गुन्हेकथा काढली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ, पूर्वी लष्करी पोलिसांत तपासाचं काम केलेला गृहस्थ, असं वेष्टणावर छापलेलं. परीक्षणं चांगली आली, विक्री बेताची झाली. तीनेक महिन्यांत हार्डबॅकच्या जेमतेम दीड हजार प्रती गेल्या. एका प्रकाशनाच्या संपादिकेने तर हस्तलिखित साभार परत केलं होतं, आणि पुढे तसं जाहीरपणे कबूलही केलं. जुलैत ‘संडे टाइम्स’ने फोडलं की गॅलब्रेथ नावाचा माणूसच अस्तित्वात नाही, हे पुस्तक जे. के. रोलिंगचं आहे. गुपित फुटलं ते तिच्या वकिलांच्या कचेरीतून, कोणाच्या तरी बायकोच्या मैत्रिणीमार्फत. म्हणजे ते फुटण्याची रीतसुद्धा अगदी चाळीतली. त्या आठवड्यात पुस्तक विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं, छापखाने रात्रंदिवस चालू झाले, आणि ज्यांच्याकडे एप्रिलमधली पहिली छपाई, तीही ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ अशी सही केलेली होती, त्यांना ती काही हजार डॉलरांना विकता आली.

मला या प्रकरणात रोलिंगपेक्षा त्या दीड हजारांचं कौतुक आहे. त्यांनी नावासाठी पुस्तक घेतलं नव्हतं, नाव होतंच कुठे? अनोळखी माणसाचं पहिलं पुस्तक चाळून पाहिलं, दोन पानं बरी वाटली आणि पुरी किंमत मोजली. संग्राहक म्हणवून घेणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना हे जमत नाही. ते बक्षीस लागल्यावर येतात.

आता पहिली आवृत्ती ओळखायची कशी? कुठलंही अलीकडचं ब्रिटिश पुस्तक उघडा आणि शीर्षकपान उलटा. मागच्या बाजूला, कॉपीराइटच्या मजकुराखाली, बारीक टायपात आकड्यांची एक ओळ असते : १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २. विषम आकडे डावीकडून चढतात, सम आकडे उजवीकडे उतरत जातात. पुस्तक पुन्हा छापलं की सर्वांत लहान आकडा उडवतात. दुसऱ्या छपाईला १ जातो, तिसऱ्या छपाईला २. एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा असा आकडा गळत राहिल्यामुळे उरलेली ओळ पानाच्या मध्यावरच राहते. ज्या कोणा मुद्रकाला हे सुचलं त्याच्या नीटनेटकेपणाला माझा नमस्कार. ‘फर्स्ट पब्लिश्ड २०१३’ या वाक्यावर मात्र जाऊ नका, ते पन्नासाव्या छपाईतही तसंच असतं. ओळीत १ हवा. अमेरिकेतल्या रँडम हाउसची तऱ्हा निराळी. ते बरीच वर्षं ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द छापून ओळ २ पासून सुरू करत. तिथे १ नसला तरी ती पहिलीच. आकड्यांची पद्धत रुळण्याआधीच्या पुस्तकांत पुनर्मुद्रणाची नोंद नाही ना, एवढंच पाहायचं.

बुक क्लबच्या आवृत्त्या ही आणखी एक फसवी चीज. दिसायला हुबेहूब मूळ पुस्तक, पण कागद हलका, आणि जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसते. संग्राहकांच्या लेखी तिला काही मोल नाही.

या आतल्या घडीचा कोपरा मी सगळ्यांत आधी पाहते. इंग्रजांना भेट म्हणून पुस्तक देताना किंमत दिसलेली आवडत नाही, म्हणून ते कात्रीने कोपरा तिरपा उडवतात. बाजारात त्याला ‘प्राइस-क्लिप्ड’ म्हणतात. एवढ्याशा त्रिकोणाने किंमत घसरते आणि पुराव्याचा एक दुवाही जातो. फेब्रुवारी १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान चलन स्वीकारलं. त्याआधीच्या पुस्तकावर किंमत शिलिंगांत असायला हवी. साठच्या दशकातल्या पुस्तकावर नुसते नवे पेन्स दिसले, तर एक तर ते पुस्तक नंतरचं आहे किंवा जॅकेट दुसऱ्या प्रतीचं आणून चढवलंय.

आणि जॅकेट हाच या धंद्याचा प्राण. पूर्वी ते धुळीपासून पुस्तक वाचवायला असे, घरी आणलं की लोक काढून टाकत. १९०२ च्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ची मूळ जॅकेटसकट प्रत निघाली तर लिलावघरांत बातमी होते. नुसती बिनजॅकेटची पहिली आवृत्ती त्या मानाने किरकोळ. आधुनिक पुस्तकांतही किमतीचा मोठा वाटा त्या कागदाच्या पट्टीचाच. लाल रंग सर्वांत आधी उडतो. खिडकीसमोर दोन उन्हाळे काढलेल्या पुस्तकाचा कणा गुलाबी होतो आणि समोरची बाजू लालच राहते. म्हणून माझ्या खोलीचे पडदे दिवसा बंद असतात. नवऱ्याच्या मते आम्ही फोटो धुणाऱ्यांसारखे अंधारात राहतो.

डीलर लोक प्रतीची अवस्था सांगायला ठरावीक शब्द वापरतात : फाइन, नियर फाइन, व्हेरी गुड, गुड. यातला ‘व्हेरी गुड’ हा लग्नाच्या जाहिरातीतल्या ‘नाकीडोळी नीटस’सारखा वाचायचा. ‘गुड’ असेल तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सहीकडे येते. माझ्या कपाटातल्या बऱ्याचशा सह्या हॅरोगेटच्या. लीड्सहून गाडीने अर्ध्यापाऊण तासाचं अंतर. २००३ साली सुरू झालेला गुन्हेकथा लेखकांचा महोत्सव जुलैत तिथल्या ओल्ड स्वॉन हॉटेलात भरतो. नाव पुरस्कर्त्या थीकस्टन कंपनीच्या ओल्ड पिक्युलिअर या बिअरवरून. जागा अगदी साजेशी आहे. डिसेंबर १९२६ मध्ये अॅगाथा ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता होती, अख्खा देश तिला शोधत होता, आणि ती सापडली याच हॉटेलात. तेव्हा त्याला स्वॉन हायड्रोपॅथिक म्हणत. नोंदवहीत तिने नाव लिहिलं होतं मिसेस टेरेसा नील, मुक्काम केपटाउन. नील हे नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव. अशी नोंद करायला ख्रिस्तीच हवी.

महोत्सवात चर्चा संपली की लेखक सह्या करायच्या टेबलाशी जाऊन बसतात आणि हिरवळीपर्यंत रांग लागते. रांगेत फिरणारी मुलगी प्रत्येकाचं नाव पिवळ्या चिकट चिठ्ठीवर लिहून शीर्षकपानावर डकवते, म्हणजे लेखकाला स्पेलिंग विचारावं लागत नाही. माझ्या नावाचं स्पेलिंग सांगण्यापेक्षा ‘नाव नको, नुसती सही’ हे सोपं जातं, आणि बाजारालाही तेच हवं असतं. आपल्याकडे ‘चि. अमुकतमुकला सप्रेम भेट’ असं लिहून मिळालं की आपण हरखतो. इथल्या बाजारात अनोळखी माणसाच्या नावाने लिहिलेली प्रत कमी भावाने जाते, कारण पुढच्या मालकाला ‘टू मार्गारेट’शी काही देणंघेणं नसतं. मार्गारेट स्वतःच मोठी लेखिका असेल किंवा ते पुस्तक तिलाच अर्पण केलेलं असेल, तर मात्र भाव कुठल्या कुठे जातो. मुरलेले संग्राहक सही, तारीख आणि पुस्तकातली एक ओळ अशा तिन्ही गोष्टी मागतात. तारीख प्रकाशनाच्या दिवसाची किंवा त्याआधीची असेल तर दुधात साखर.

रांगेत एक जमात चाकांची बॅग घेऊन येते. बॅगेत त्या लेखकाची वीसेक पुस्तकं. मागचे ताटकळतात, लेखक हसून सह्या करत राहतो. मला हा प्रकार आवडत नाही. महोत्सवात यायचं तर लेखकाचं नवं पुस्तक तिथल्या विक्रेत्याकडून घ्यावं, घरचं एखाददुसरं जुनं सोबत न्यावं आणि तेही रांगेच्या शेवटी उभं राहून पुढे करावं. लेखक शेवटच्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलतो, हा त्यातला फायदा.

हल्ली एक नवीच भानगड झाली आहे. प्रकाशक कोऱ्या पानांचे गठ्ठे लेखकाच्या घरी पाठवतात, लेखक टीव्हीसमोर बसून त्यांवर हजारोंनी सह्या करतो आणि ती पानं बांधणीत चिकटवली जातात. याला ‘टिप-इन’ म्हणतात. २०२० साली टाळेबंदीत दुकानं आणि कार्यक्रम बंद पडले, तेव्हा तर हे सर्रास झालं. त्याच वर्षी रिचर्ड ऑस्मनची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ आली. पुस्तक झकास आहे. पण सहीच्या प्रती इतक्या निघाल्या की सही ही दुर्मीळ गोष्ट राहिलीच नाही. रंगवलेल्या कडा, दुकानागणिक वेगळं मुखपृष्ठ, क्रमांक घातलेल्या प्रती, या सगळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : जे मुद्दाम दुर्मीळ म्हणून बनवलं जातं ते सगळेच जपून ठेवतात, आणि सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. आवडली तर घ्या, पेन्शन म्हणून घेऊ नका.

आता माझ्या कपाटातल्या सर्वांत लाडक्या फळीबद्दल. सगळंच जमवू पाहणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच नीट लागत नाही. कोणी एक लेखक धरतो, कोणी फक्त पहिल्या कादंबऱ्या, कोणी गोलान्झ प्रकाशनाची पिवळ्याधमक जॅकेटांची पुस्तकं. मी धरली मुंबई. मुंबईत घडणाऱ्या इंग्रजी गुन्हेकथा.

या फळीवरचं पहिलं मानाचं स्थान इन्स्पेक्टर गणेश घोटे यांचं. होय, घोटे. मुंबई सीआयडीतला सरळमार्गी, जरा भिडस्त मराठी अधिकारी. त्याचा जनक एच. आर. एफ. कीटिंग हा लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये राहणारा इंग्रज, ‘द टाइम्स’मध्ये बरीच वर्षं गुन्हेकथांची परीक्षणं लिहिणारा, पुढे डिटेक्शन क्लबचा अध्यक्ष झालेला. १९६४ साली कॉलिन्सच्या क्राइम क्लब मालेत त्याची ‘द परफेक्ट मर्डर’ आली आणि तिला गोल्ड डॅगर मिळाला. तोवर कीटिंगने मुंबई पाहिलेली नव्हती. नकाशे, पुस्तकं, वर्तमानपत्रं, भेटेल त्या भारतीय माणसाशी गप्पा, एवढ्या भांडवलावर त्याने मान्सूनमधलं शहर उभं केलं. असाच तो सुमारे दहा वर्षं लिहीत राहिला. शेवटी ही गोष्ट एअर इंडियाच्या कानावर गेली, त्यांनी विमानाचं तिकीट देऊ केलं आणि साहेब पहिल्यांदा मुंबईत उतरले.

गिरगावातल्या वाचकाला त्या पहिल्या पुस्तकात हसू येईल अशा जागा आहेत. ज्याच्या घरात गुन्हा घडतो त्या धनिकाचं नाव लाला अरुण वर्दे. लाला आणि वर्दे एका माणसात! हल्ला होतो तो त्याच्या पारशी सेक्रेटरीवर, त्याचं आडनाव परफेक्ट, म्हणून पुस्तकाचं नाव तसं. घोटेंचं आडनावही आधी घोष ठरत होतं. ते बंगाली असल्याचं कोणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून घोष जाऊन घोटे आले. पण एवढ्या चुका पोटात घालूनही घोटे खरे वाटतात. वरिष्ठांपुढे दबणारा, घरी बायकोपुढे नमतं घेणारा आणि तरीही पुरावा सोडून न बोलणारा हा इन्स्पेक्टर मला आमच्या चाळीतल्या दोनतीन सरकारी नोकरांत भेटलेला आहे. १९८८ साली झफर हाईने यावर चित्रपट काढला. नसीरुद्दीन शाह घोटे झाले आणि सोबतचा स्वीडिश पाहुणा झाला स्टेलान स्कार्सगार्ड.

माझी ‘द परफेक्ट मर्डर’ यॉर्कच्या रेसकोर्सवर भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या मोठ्या प्रदर्शनात मिळाली. पुठ्ठा लाल, त्यावर काळी अक्षरं, क्राइम क्लबची नेहमीची बांधणी. जॅकेटचा वरचा काठ थोडा विरलाय, कण्यावर नखाएवढा तपकिरी डाग आहे, पण आतला कोपरा शाबूत आणि त्यावर किंमत शिलिंगांत. वाचनालयाचा शिक्का नाही. शीर्षकपानावर, छापलेल्या नावाच्या खाली, निळ्या शाईतली सही. तिथल्या तिथे मी आणखी दोन विक्रेत्यांकडच्या कीटिंगच्या सहीच्या प्रती मागून घेतल्या आणि तिन्ही सह्या शेजारी ठेवून पाहिल्या. विक्रेत्यांनी हसत दाखवल्या. चांगला डीलर अशा तपासणीला कधी नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्या टेबलापासून दूर व्हावं. कीटिंग २०११ साली गेला. तोवर त्याने घोटेंच्या दोन डझनांच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या होत्या. पहिल्या काही सोडल्या तर आजही त्या फार महाग नाहीत, कारण संग्राहकांचं लक्ष रँकिन-डेक्स्टरांकडे आहे. माझ्या पथ्यावर पडलं.

घोटेंच्या शेजारी आता नवी मंडळी येऊन बसली आहेत. वसीम खान लंडनचे, पण दहाएक वर्षं मुंबईत नोकरी केलेले. त्यांचा निवृत्त इन्स्पेक्टर चोप्रा आणि हत्तीचं पिल्लू २०१५ मध्ये आलं, आणि २०२० मध्ये ‘मिडनाइट अॅट मलबार हाउस’. १९५० च्या सुमाराची मुंबई आणि पर्सिस वाडिया ही देशातली पहिली महिला पोलीस अधिकारी. या पुस्तकाला क्राइम रायटर्स असोसिएशनचा हिस्टॉरिकल डॅगर मिळाला, आणि पुढे खान त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. सुजाता मॅसीची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) अमेरिकेत प्रथम निघाली. तिची नायिका परवीन मिस्त्री १९२० च्या दशकातली वकील. अबीर मुखर्जींचं ‘अ रायझिंग मॅन’ (२०१६) कलकत्त्याचं, त्यामुळे नियमाप्रमाणे या फळीवर त्याला जागा नाही. ठेवलंय. नियम आपलेच आहेत.

पैशाबद्दल थोडक्यात. ज्यांना गुंतवणूक करायची आहे त्यांनी म्युच्युअल फंडाकडे जावं. बाजार लहरी असतो. टीव्ही मालिका आली की भाव चढतो, ती संपली की उतरतो. महागडी प्रत घ्यायची झाली तर अँटिक्वेरियन बुकसेलर्स असोसिएशन किंवा पीबीएफए या जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या संघटनांच्या सभासदाकडूनच घ्यावी. खोटं निघालं तर ते परत घेतात. इंटरनेटवर ‘खात्रीचं प्रमाणपत्र’ जोडलेली सही दिसली, तर ते प्रमाणपत्र कोणी दिलं ते पाहा. बहुतेक वेळा विकणाऱ्यानेच छापलेलं असतं. त्यापेक्षा कार्यक्रमाचं तिकीट, दुकानाची पावती, सही करताना काढलेला फोटो हे पुस्तकात ठेवलेलं बरं.

आणि आता तुमच्या माळ्याकडे येते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड, झुंजार, धनंजय यांच्यावर दोन पिढ्या पोसल्या. गुरुनाथ नाईकांनीही तसाच डोंगर उपसला. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास यांच्यासाठी पोरं वाचनालयाच्या दारात उभी असत. यातली किती पुस्तकं आज पहिल्या आवृत्तीत, मूळ मुखपृष्ठासकट, शोधून सापडतील? रिबसच्या पहिल्या पुस्तकाचं ब्रिटिश वाचनालयांत जे झालं तेच आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झालं. पुस्तकं भाड्याने फिरली, हलका कागद पिवळा पडून तुटला, वाचनालयांनी मुखपृष्ठं फाडून जाड पुठ्ठ्याची बांधणी केली, आणि ‘हे काय साहित्य आहे?’ म्हणून घरोघरच्या शहाण्या माणसांनी उरलेली रद्दीत घातली. इंग्रजांकडे निदान मावशीने भेट दिलेली एक प्रत फळीवर राहिली. आपल्याकडे या पुस्तकांवर अर्नाळकरांची किंवा शिरवळकरांची सही कोणी मागितली असेल, तर ती प्रत आज कुठे आहे हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत असं काही हाती लागलं, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आतलं पान पाहा. ‘प्रथमावृत्ती’ असं छापलेलं असेल आणि मुखपृष्ठ जागेवर असेल, तर त्याला चिकटपट्टी लावू नका, नवी बांधणी करू नका, साध्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आणि एखाद्या नव्या मराठी लेखकाच्या पहिल्या रहस्य-कादंबरीचा प्रकाशन समारंभ तुमच्या गावात असला, दहाबारा माणसं आणि चहा-बिस्किटं एवढाच थाट असला, तरी जा. पुस्तक पुऱ्या किमतीला घ्या, शीर्षकपानावर सही मागा, आणि सहीखाली तारीख घालायला सांगा.